सातव्या महिन्याचे सण आणि कोपीतले शेजारी

शास्त्रपाठ : लेवीय २३:२२–४३; अनुवाद १६:१३–१५; नहेम्या ८; योहान ७:३७–३९



लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात परमेश्वराने नेमून दिलेले सात वार्षिक सण आहेत. त्यांतले पहिले चार आपल्या चांगल्या ओळखीचे. वल्हांडणाचा कोकरा, बेखमीर भाकरी, प्रथमफळाची पेंढी आणि पन्नासावा दिवस यांचा ख्रिस्ताशी काय संबंध, हे रविवार शाळेतले मूलही सांगते. उत्तम शुक्रवार, पुनरुत्थान दिन, पेंटेकॉस्ट या नावांनी ते मंडळीच्या दिनदर्शिकेत केव्हाच येऊन बसले आहेत. उरलेल्या तिघांना मात्र आपल्याकडे जागा नाही. हे तिन्ही सातव्या महिन्यातले : कर्ण्यांचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण. त्यांच्यावर उपदेश ऐकायला मिळालाच तर तो बहुधा शेवटच्या काळाचा तक्ता मांडणारा असतो. कर्णा म्हणजे प्रभूचे येणे, मांडव म्हणजे हजार वर्षांचे राज्य, आणि मधली वर्षे मोजायला बोटे पुरत नाहीत. शेवटच्या कर्ण्याची आशा खरी आहे (१ थेस्सलनीका ४:१६), ती मला कमी करायची नाही. पण हा अध्याय पहिल्यांदा बोलला तो शेतकऱ्यांशी, पीक घरात आलेल्या माणसांशी. जुन्नर-आंबेगावच्या मातीत बसून तो वाचला की जे दिसते ते या अंकात मांडावे असे वाटले.

आधी काळ समजून घेऊ. यहुदी महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात आणि सूर्याशी मेळ राखायला अधिक महिना घेतात. म्हणून २०२५ मध्ये एक गंमत झाली. सातव्या महिन्याचा पहिला दिवस २२ सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू झाला, त्याच दिवशी आपल्याकडे घटस्थापना होती. प्रायश्चित्ताचा दिवस २ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याला आला. आणि ६ ऑक्टोबरला, कोजागिरीच्या चांदण्यात, मांडवांचा सण सुरू झाला. दर वर्षी असे जमत नाही. अधिक महिना दोघांचा वेगवेगळ्या वर्षी येतो, त्यामुळे २०२६ मध्ये हेच सण आपल्या भाद्रपदात पडतील. तरी ऋतू तोच. पाऊस ओसरलेला, भाताची लोंबी वाकलेली, पश्चिम पट्ट्यातली माणसे विळ्याला धार लावून बसलेली. इस्राएलात धान्याची कापणी उन्हाळ्यापूर्वीच उरकलेली असे. या महिन्यात द्राक्षे, जैतून, खजूर गोळा होत, आणि त्यानंतर त्यांचा पाऊस यायचा. आपला पाऊस नुकताच गेलेला असतो, त्यांचा यायचा असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हे सण मराठी भाषेला परके आहेत असेही समजू नका. घाट उतरून कोकणात गेलो की अलिबागच्या परिसरातल्या बेने इस्राएल समाजाने ते शेकडो वर्षे मराठी नावांनी पाळले आहेत. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारचा विसावा, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. या समाजाचा इतिहास त्यांच्यातलेच हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहून काढला. पूर्वापार नावे अशी : महिन्याच्या पहिल्या दिवशी नव्याचा सण, मग खिरीचा सण, दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारफाळणी म्हणजे दारे लावून घेणे. त्या दिवशी घरोघर दारे बंद करून, पांढरी वस्त्रे नेसून उपास करत. अकराव्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दान देत आणि आप्तेष्टांच्या भेटीला जात. एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळींचा या समाजाशी जवळचा संबंध आला, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले, ते शिकणाऱ्यांत हे लोक होते. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचे एक सभास्थान आहे, नाव सुक्कथ शेलोमो. यातल्या ‘सुक्कथ’ या शब्दाकडे आपल्याला थोड्या वेळाने परत यायचे आहे.

पण सणांकडे वळण्याआधी एका वचनापाशी थांबावे लागते, आणि बहुतेक टीकाग्रंथ ते घाईने ओलांडतात. अध्यायाच्या बाविसाव्या वचनात पेंटेकॉस्टचे नियम संपतात आणि तेविसाव्यापासून कर्ण्यांचा सण सुरू होतो. त्या सांध्यावर, सणांची यादी मध्येच थांबवून, परमेश्वर शेताच्या कडेबद्दल बोलतो. शेत कापताना बांधापर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका. तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. उपासनेच्या यादीत शेतीचा नियम कशाला, असे एखाद्याला वाटेल. मला वाटते तो तिथे मुद्दाम आहे. शरद ऋतूच्या तिन्ही सणांत शिरायचा दरवाजाच तो आहे. रूथ याच नियमावर जगली, आणि तिच्या वंशात दावीद आणि दाविदाच्या वंशात आपला प्रभू आला.

कर्णा

कर्ण्यांच्या सणाबद्दल शास्त्र फार थोडे सांगते. काम बंद, पवित्र मेळा, कर्ण्याचा आवाज, बस. कशासाठी वाजवायचा याचे कारणसुद्धा दिलेले नाही. पण त्या दिवशी काय घडावे याचे चित्र नहेम्याच्या आठव्या अध्यायात सापडते. बंदिवासातून परतलेले लोक सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पाणीवेशीच्या समोरच्या चौकात जमले. पुरुष, स्त्रिया आणि ज्याला ज्याला ऐकून समजत होते ते सगळे. एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले. लेवी लोकांमध्ये फिरून अर्थ समजावत होते. वाचन नुसते कानावर पडू नये, मनात उतरावे म्हणून ही खटपट. आमच्या वाडीवरच्या सभांत मला हा भाग नेहमी आठवतो, कारण अर्धे लोक अक्षर न येणारे आणि उरलेल्यांना पुस्तकी मराठी अडणारी. समजावून सांगणारा मध्ये नसेल तर वाचलेले वाऱ्यावर जाते.

लोक रडू लागले. तेव्हा नहेम्याने त्यांना काय सांगितले? आज रडू नका. गोडधोड खा, आणि ज्यांच्याकडे काही शिजलेले नाही त्यांना ताटे पाठवा (८:१०). पश्चात्तापाच्या अश्रूंना त्याने अडवले नाही, वळवले. कर्णा ऐकून जागा झालेला माणूस पहिले काम कोणते करतो, तर कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे पाहतो. आनंद हा त्यांच्या सामर्थ्याचा गड होता असे आपण फलकांवर लिहून भिंतीला लावतो. त्याच वचनातली पाठवायची ताटे मात्र फलकावर येत नाहीत.

दारे लावण्याचा दिवस

प्रायश्चित्ताचा दिवस वर्षातून एकदा. लेवीय सोळाव्या अध्यायात त्याचा विधी आहे. प्रमुख याजक आपली शोभेची वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे नेसतो आणि एकटाच पडद्याआड, दयासनासमोर जातो. दोन बकरे घ्यायचे. एकाचे रक्त आत न्यायचे. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांचे सर्व अपराध कबूल करायचे आणि त्याला रानात सोडून द्यायचे. पापाचे दोन्ही अंग इथे हाताळलेले आहेत : देवापुढची त्याची किंमत, आणि माणसाच्या अंगाखांद्यावर बसलेले त्याचे ओझे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा नववा आणि दहावा अध्याय या दिवसाचा अर्थ ख्रिस्तात उलगडतो. तो स्वतःचे रक्त घेऊन एकदाच आत गेला आणि ते सर्वकाळासाठी पुरले. त्यामुळे आपण हा दिवस पुन्हा करत नाही. बकराही नाही, वार्षिक हिशेबही नाही. या गोष्टीत एक इंचही मागे सरू नये. अलीकडे काही ठिकाणी ख्रिस्ती लोकांनी हे सण विधीपूर्वक पाळलेच पाहिजेत, नाहीतर आशीर्वाद अडतो, असे शिकवले जाते. पौलाने कलस्सैकरांना सण, अमावास्या आणि शब्बाथ यांवरून कुणाला तुमचा न्याय करू देऊ नका असे सांगितले, ते अशाच शिक्षणासाठी. या गोष्टी छाया आहेत, देह ख्रिस्ताचा आहे (कलस्सै २:१६–१७). पण छाया कशाची आहे हे नीट पाहिले की देहाचा आकार अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून अभ्यास.

आणि या दिवसाच्या आकारात एक भाग आहे जो आपण बहुधा सोडून देतो. यहुदी सभास्थानांत प्रायश्चित्ताच्या दिवशी सकाळी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. लोक उपासाला बसलेले असताना त्यांना ऐकवले जाते की देवाला आवडणारा उपास म्हणजे जोखडाचे बंध सोडणे, जाचलेल्यांना मोकळे करणे, निराश्रिताला घरात घेणे. दुसरे असे की लेवीय २५:९ प्रमाणे योबेल वर्षाचा कर्णा वाजायचा तो नेमका याच दिवशी. पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली वतने मूळ कुटुंबाकडे परत, कर्जापायी राबणारे आपापल्या घरी परत. देवाशी समेट झाला त्याच दिवशी सावकाराचा हिशेब बंद.

हे वाचून ज्याच्या डोळ्यांपुढे सातबारा येत नाही त्याने आदिवासी भागात थोडे राहून पाहावे. महाराष्ट्राने १९७४ चा अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याबाबतचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत मिळाव्यात हा त्याचा हेतू. १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा आला, २००६ मध्ये वनहक्काचा. हे कायदे करणाऱ्यांनी लेवीय पुस्तक वाचले होते असे मला म्हणायचे नाही. पण गेलेली जमीन परत यावी आणि उचलीच्या बदल्यात माणूस बांधला जाऊ नये, ही न्यायाची भूक देवाला ठाऊक आहे, आणि तिची वेळ त्याने प्रायश्चित्ताच्या दिवशी ठेवली होती. कातकरी कुटुंब वीटभट्टीवर जाते ते बहुधा आधी घेतलेल्या पैशांपोटी. हंगाम संपतो, हिशेब संपत नाही. कागद कुणाकडे? मालकाकडे. अशा कुटुंबासोबत बसून वही तपासणे, तहसीलदारांकडे अर्ज लिहून देणे, हे मंडळीच्या कामाबाहेरचे आहे असे काही बंधू मला प्रेमाने सांगतात. मी त्यांना तितक्याच प्रेमाने लेवीय २५ वाचायला सांगते.

बेने इस्राएलांच्या शिळ्या सणाची मला म्हणूनच मोठी गोडी वाटते. दारे लावण्याचा दिवस देवाचा, आणि दुसऱ्या दिवशी दारे उघडली की पहिले पाऊल गरिबाकडे आणि शेजाऱ्याकडे. क्षमा मिळालेला माणूस घरात बसून राहत नाही.

मांडव की खोप?

आता तिसरा सण, पंधराव्या दिवसापासून सात दिवस आणि वर आठवा दिवस. आपल्या मराठी शास्त्रात याला मांडवांचा सण म्हटले आहे. शब्द चुकीचा नाही, पण मांडव म्हटले की आपल्याला लग्न दिसते, आंब्याचे डहाळे, सनई आणि जेवणाच्या पंगती. मूळ हिब्रू शब्द सुक्का. अनेकवचन सुक्कोथ, आणि रास्ता पेठेतल्या सभास्थानाच्या नावातला सुक्कथ त्यातलाच. यशया १:८ मध्ये द्राक्षमळ्यात राखणदारापुरती उभी राहणारी जी खोपटी आहे ती सुक्का. योना निनवेबाहेर उन्हाचा बसला ती सुक्का. याकोबाने गुरांसाठी बांधले ते गोठे, तेही सुक्कोथ (उत्पत्ती ३३:१७). आपल्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला शेतात उभी करतात ती खोप या शब्दाच्या फार जवळची. यहुदी गुरूंनी तिचे नियम बारकाईने घालून दिले : छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या फांद्यापाल्याचे हवे, आणि आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी. फटीतून रात्री चांदण्या दिसाव्यात अशी रीत आहे.

असे छप्पर आपल्या दोन तालुक्यांत दिवाळीनंतर शेकड्यांनी उभे राहते. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावात पारगावचा भीमाशंकर हे साखर कारखाने सुरू झाले की बीड, नगर, जळगावकडून ऊसतोड कुटुंबे येतात. बांबूच्या कमानी वाकवून, वर उसाचे पाचट घालून कोपी उभी करतात. (पाचट सुक्काच्या नियमात बसते. वर टाकलेली निळी ताडपत्री बसत नाही.) नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, माणसांची नव्हे, कोयत्यांची मोजणी. पहाटे चारला उठून फडात. एक दिवस आजारी पडला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादमाकडच्या उचलीवर चढतात. त्याच सुमारास पश्चिमेच्या डोंगरातली आपली ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबेही भात झोडून झाले की खाली उतरू लागतात. कुणी कांदालागणीला, कुणी द्राक्षबागेत, कुणी नारायणगाव-ओतूरच्या बाजूला रोजावर. पाल टाकतात, तीन दगडांची चूल मांडतात, आणि शाळेतले मूल मधूनच पटावरून गळते.

इथे मला या सणाचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दिसतो, आणि तो दोन वचने शेजारी ठेवल्यावरच दिसतो. लेवीय २३:४२ म्हणते की सात दिवस खोपीत राहायचे ते देशात जन्मलेल्या इस्राएलाने. घरवाल्याने, वतनदाराने. उपऱ्याला खोपीत राहायला सांगितलेले नाही. मग अनुवाद १६:१४ उघडा. तिथे उपरी आहे, पण आनंदाच्या यादीत : मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरी, पोरका, विधवा. या आठ जणांसह आनंद कर अशी आज्ञा आहे. म्हणजे ज्याच्याकडे पक्के घर आहे त्याने खाली खोपीत उतरायचे, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याने पंगतीला बसायचे. कारणही सांगितले आहे. मिसरातून बाहेर काढले तेव्हा मी तुम्हाला खोपींतच राहवले, हे पुढच्या पिढ्यांना कळावे. कोठार भरले की माणूस विसरतो; अनुवादच्या आठव्या अध्यायात मोशे याच विसराळूपणाला भ्याला होता. म्हणून वर्षातले भरल्या कोठाराचे सात दिवस निवडून देवाने त्याच्या डोक्यावरचे पक्के छप्पर काढून घेतले.

गेल्या हंगामात पारगावच्या बाजूला चाळीसगावकडच्या भिल्ल कुटुंबांच्या कोप्यांत संध्याकाळी मी हा भाग सांगत होते. सात दिवस देवासाठी कोपीत राहायचे, आठव्या दिवशी मोठा मेळा आणि मग घरी, असे सांगितल्यावर भाकरी थापणारी एक आजी हसली. म्हणाली, “सात दिवस? आणि मग घरी? मंग तो सणच झाला की बाई.”

त्यावर भाष्य करायची गरज नव्हती, मी केलेही नाही. पण सण आणि सक्ती यांतला फरक धर्मशास्त्राच्या वर्गात मला इतक्या थोडक्यात कुणी शिकवला नव्हता. खोपीचे गुणगान करणे सोपे आहे. साधेपणा, निसर्ग, देवावर भिस्त, असे शब्द घर असलेल्या माणसाच्या तोंडी चटकन येतात. पण आज्ञा मानून सात दिवस घातलेली खोप ही उपासना असते, आणि पोटासाठी पाच महिने काढलेली कोपी ही उपासना नाही. उसाच्या फडात बिबट्या आसरा घेतो, फड तुटत गेला की बाहेर पडतो, आणि कोपीला दार नसते. जखमी किंवा पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. चांगली गोष्ट आहे, वन्यजीव वाचले पाहिजेत. कोपीच्या तोंडाशी गोधडीवर झोपवलेल्या लेकरासाठी काय आहे, हा प्रश्न मात्र दर हंगामात मनात येतो.

पक्क्या भिंतींचेही खरे काही नाही, हे आंबेगावला कुणी सांगायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव दरडीखाली गेले, १५१ माणसे गेली. वाचलेल्यांनी पुढची जवळजवळ तीन वर्षे तात्पुरत्या निवाऱ्यात काढली. २ एप्रिल २०१७ ला नवे गाव त्यांच्या हाती आले. ही घटना मी दृष्टांत म्हणून वापरत नाही, ती कुणाचा धडा म्हणून घडलेली नाही. इतकेच म्हणते की या तालुक्यात आपले घर टिकणार म्हणून निश्चिंत झोपणारे आणि पावसाच्या आवाजाने जागे होणारे असे दोन प्रकारचे लोक राहतात, आणि दोघेही एकाच मंडळीत गुडघे टेकत असतील तर मांडवांच्या सणाचे वचन त्यांना वेगवेगळे ऐकू येईल.

शेवटच्या दिवशी

प्रभू येशू हा सण पाळायला यरुशलेमेस गेला होता (योहान ७). सणाच्या दिवसांत शिलोआम तळ्यातून सोन्याच्या घागरीने पाणी आणून वेदीवर ओतत. पाऊस यायचा होता ना, मघाशी म्हटले तो फरक हाच. सगळ्या देशाचे डोळे आभाळाकडे. सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहिला आणि तहानलेल्यांना स्वतःकडे यायला मोठ्याने बोलावले. पिणाऱ्याच्या अंतरातून जिवंत पाण्याच्या नद्या वाहतील असे म्हणाला. योहान लगेच सांगतो की हे तो आत्म्याविषयी बोलला. डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांत, जिथे चार महिने आभाळ फाटते आणि एप्रिल-मेमध्ये बाया कळशी घेऊन झऱ्याशी रांग लावतात, तिथे हे वचन वाचायला लागले की कुणी जांभई देत नाही. तहान म्हणजे काय हे तिथे समजावून सांगावे लागत नाही.

योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात शब्द देही होऊन आमच्यात राहिला असे लिहिताना तंबू ठोकणे या अर्थाचे ग्रीक क्रियापद वापरले आहे (१:१४). आपल्या भाषांतरातला तिथला शब्द वस्ती. तो मला फार आवडतो. आपल्याकडे रात्री गावात मुक्काम करणाऱ्या एसटीला वस्तीची गाडी म्हणतात, आणि कोप्या जिथे उभ्या राहतात तिलाही आपण वस्तीच म्हणतो. देवाच्या पुत्राने आपले वतन सोडून आपल्या कोपीत मुक्काम केला. लेवीय २३:४२ ची आज्ञा, घरवाल्याने खाली खोपीत उतरावे ही, शेवटपर्यंत पाळणारा तो एकटाच निघाला.

गणना एकोणतिसाव्या अध्यायात या सणाच्या सात दिवसांचे गोऱ्हे मोजून पाहा : तेरा, बारा, अकरा असे उतरत सातपर्यंत, एकूण सत्तर. यहुदी गुरू म्हणत की हे जगातल्या सत्तर राष्ट्रांसाठी. जखऱ्या चौदाव्या अध्यायात सर्व राष्ट्रे हाच सण पाळायला येतात. आणि प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात हातात झावळ्या घेतलेला, सर्व वंशांतला आणि भाषांतला मोजता न येणारा समुदाय उभा आहे. त्यांना ऊन लागणार नाही, भूक-तहान लागणार नाही, आणि राजासनावर बसलेला आपला मंडप त्यांच्यावर पसरील. वाचताना या सर्व वंशांत ठाकर आणि कातकरी हे शब्द मनात घालून वाचा. तिथे खोप बांधायची पाळी त्यांच्यावर नाही. आता छप्पर देव घालतो.

आपल्या मंडळ्यांत कापणीचा सण येत्या काही आठवड्यांत होईल. वेदीपुढे भाताच्या लोंब्या, भोपळे, कोंबड्या येतील, लिलाव रंगेल, एका नारळाला पाचशे रुपये पडतील. हे सगळे मला मनापासून आवडते. काही तरुण संघांनी आवारात सजावटीचा मांडव घालावा का असे विचारले आहे. घाला, हरकत नाही. पण अनुवाद १६:१४ ची यादी आधी वाचा आणि त्यातले किती जण त्या मांडवाखाली जेवायला येणार ते ठरवा. आमच्या भागात पडकई म्हणून जुनी रीत आहे. एकमेकांच्या शेतावर जाऊन सगळ्यांनी बांध घालायचे, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. जेवण हेही त्या रीतीत दोन्ही बाजूंनी असते. पाहुण्यांना बोलवायचे असेल तर तसे बोलवा, वाटप करायला नव्हे.

आणि कोप्यांवर जायचे ठरवले तर रविवारच्या उपासनेनंतर अकराला जाऊ नका. त्यांना रविवारची सुट्टी नसते, तेव्हा तिथे फक्त म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे सापडतील. मुकादमाला आदल्या दिवशी कळवा. जुने कपडे नेऊ नका. सौरदिवे न्या, कारण बायांना अंधारातच बाहेर जावे लागते, आणि मुलांसाठी पाट्या, वह्या न्या. फोटो काढू नका. बसायला पोते पुढे केले तर पोत्यावर बसा, चहा दिला तर तो प्या. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला सगळे फडातून परतलेले असतात आणि चुली पेटलेल्या असतात.